लाल गाडीचा विमा महाग पडतो का? पहिली मोटार घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पहिली मोटार घेताना मॉडेल ठरते, कर्जाचे कागद तयार होतात आणि मग सगळे घर रंगापाशी येऊन थांबते. कोणाला लाल हवी असते, कोणाला पांढरीच बरी वाटते, आणि तेवढ्यात एखादे वडीलधारे माणूस काळजीने सांगते, ‘‘लाल घेऊ नका, तिचा विमा जास्त बसतो.’’ काळ्या गाडीबद्दलही असेच ऐकायला मिळते. याचे उत्तर सुरुवातीलाच स्पष्टपणे देतो. भारतात खासगी मोटारीच्या विम्याचा हप्ता काढताना गाडीचा रंग हिशेबात धरला जात नाही. तेच मॉडेल, तोच प्रकार, तीच किंमत आणि तेच नोंदणीचे शहर असेल, तर लाल, पांढऱ्या आणि काळ्या गाडीचा हप्ता एका कंपनीकडे एकच येतो.

मात्र एवढ्यावर विषय संपत नाही, कारण रंग हप्त्यात नसला तरी रंगकामाचा खर्च, रंगामुळे वाढलेली गाडीची किंमत आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेला रंग या गोष्टी विम्याच्या व्यवहारात पुढे कधी ना कधी समोर येतात. नव्याने गाडी घेणाऱ्याला हे आधीच माहीत असेल, तर शोरूममध्ये चुकीच्या गोष्टीवर पैसे वाचवण्याचा प्रयत्न होत नाही आणि क्लेमच्या वेळी मनस्तापही होत नाही. म्हणून खालील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला येतात.

समज कुठून आला, हे आधी पाहा

लाल गाडीचा विमा महाग असतो ही समजूत अमेरिकेत फार जुनी आहे, आणि तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून ती आपल्याकडेही पोचते. लाल रंगाच्या वेगवान स्पोर्ट्स कार जास्त दिसतात, त्या गाड्यांचा विमा त्यांच्या इंजिनामुळे आणि किमतीमुळे खरोखरच महाग असतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात तो खर्च रंगाच्या नावावर जमा होतो. तिथेही विमा कंपन्या गाडी ओळखतात ती सतरा अक्षर-अंकांच्या क्रमांकावरून, आणि त्या क्रमांकात उत्पादक, मॉडेल, इंजिन, वर्ष, कारखाना असा तपशील असतो, रंग नसतो. आपल्याकडे चॅसी नंबर म्हणतात तोही असाच सतरा खुणांचा असतो. त्यामुळे अमेरिकेत किंवा इतरत्र राहून पहिली गाडी घेणाऱ्या मराठी वाचकांनीही केवळ रंगाच्या भीतीने आवडती गाडी सोडण्याचे कारण नाही.

रंग आणि अपघात यांचा काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने २००७ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला होता आणि पांढऱ्या गाड्यांच्या तुलनेत काळ्या, राखाडी, चंदेरी अशा रस्त्याच्या पार्श्वभूमीत मिसळून जाणाऱ्या रंगांच्या गाड्यांना अपघाताचा धोका अधिक असल्याचे त्यात आढळले होते. काळ्या गाडीसाठी दिवसाउजेडी हा वाढीव धोका सुमारे १२ टक्के होता. पावसाळ्यात घाटातून जाताना समोरून दिवे न लावता येणारी राखाडी गाडी किती उशिरा दिसते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे पटेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने उजळ रंग निवडावा, हे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु हा धोका आपल्याकडच्या हप्त्याच्या गणितात धरला जात नाही, आणि रंग निवडताना या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

हप्ता दोन भागांत फोडून वाचा

नवख्या माणसाने कोटेशन हातात आले की सर्वात खालचा एकूण आकडा बाजूला ठेवावा आणि वरचे दोन भाग वेगवेगळे वाचावेत. एक भाग थर्ड पार्टीचा, दुसरा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा.

थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. याचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये असा हा हप्ता आहे. नव्या गाडीला १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि त्याचे आकडे याच क्रमाने ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६ रुपये आहेत. या संपूर्ण तक्त्यात इंजिनाची क्षमता सोडून दुसरा निकष नाही. त्यामुळे थर्ड पार्टीच्या भागात रंगामुळे एक रुपयाचाही फरक पडू शकत नाही, आणि कोणी तसा फरक दाखवत असेल तर तो आकडा चुकीचा आहे.

ओन डॅमेजचा भाग थोडा सावकाश समजून घ्यावा लागतो. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांना स्वतः ठरवण्याची मोकळीक मिळाली, परंतु हिशेबाचा सांगाडा अजूनही २००२ च्या मोटार टॅरिफचाच, म्हणजे तेव्हाच्या ठरलेल्या दरपत्रकाचाच, वापरला जातो आणि कंपन्या त्यावर आपापली सवलत देतात. त्या सांगाड्यात चार गोष्टी येतात. गाडीची विमाकृत किंमत, म्हणजे ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात ती, इंजिनाची क्षमता, गाडीचे वय, आणि नोंदणीचा विभाग. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरे ‘अ’ विभागात मोडतात, आणि नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजी यांच्यासह उर्वरित देश ‘ब’ विभागात.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. पुण्यात नोंदणी होणारी ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे आणि तिची एक्स-शोरूम किंमत आठ लाख रुपये आहे. नव्या गाडीसाठी किमतीतून ५ टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे होणारी किमतीतील घट, वजा होतो, म्हणून आयडीव्ही ७,६०,००० रुपये. या गटाचा ‘अ’ विभागातील मूळ दर ३.२८३ टक्के आहे, त्यामुळे ओन डॅमेजचा मूळ हप्ता सुमारे २४,९५१ रुपये येतो. समजा कंपनीने त्यावर ४० टक्के सवलत दिली, तर १४,९७१ रुपये राहतात. त्यात तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचे १०,६४० रुपये मिळवले की २५,६११ रुपये होतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून एकूण रक्कम सुमारे ३०,२२१ रुपये होते. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आणि ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घ्यायची पूरक संरक्षणे) घेतल्यास त्यांचे पैसे वेगळे. हीच गाडी कोल्हापुरात नोंदवली असती तर मूळ दर ३.१९१ टक्के झाला असता आणि सवलतीपूर्वीचा हप्ता सुमारे सातशे रुपयांनी कमी आला असता. म्हणजे नोंदणीच्या शहराने फरक पडतो. रंगाची जागा मात्र या गणितात कुठेच येत नाही. एखाद्या अर्जात रंगाचा रकाना असलाच तर तो गाडीची ओळख पटावी यासाठी असतो.

रंगाचा पैसा आडवाटेने कसा येतो

तरीही दोन रंगांच्या कोटेशनमध्ये थोडा फरक दिसू शकतो, आणि त्याचे कारण रंग नसून किंमत असते. बऱ्याच मॉडेलांमध्ये काळ्या छताचा दुरंगी प्रकार, मॅट रंग किंवा खास पर्ल रंग यांसाठी उत्पादक जास्त पैसे आकारतो. गाडीची सूचीतील किंमत वाढली की आयडीव्ही वाढते आणि आयडीव्ही वाढली की हप्ता वाढतो.

तो किती वाढतो, हे वरच्याच उदाहरणावर पाहा. दुरंगी प्रकारासाठी १५,००० रुपये जास्त पडले असे समजू. आयडीव्हीत १४,२५० रुपयांची भर पडेल, मूळ हप्त्यात ४६८ रुपयांची, सवलतीनंतर २८१ रुपयांची आणि जीएसटी धरून सुमारे ३३१ रुपयांची. याउलट महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के दराने वाहन कर लागतो, म्हणजे त्याच १५,००० रुपयांवर सुमारे १,६५० रुपयांचा जादा कर भरावा लागेल. विम्याची काळजी करणाऱ्या माणसाच्या हे सहसा लक्षात येत नाही. शिवाय हप्त्यातली वाढ पूर्णपणे वाया जात नाही, कारण गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर वाढीव आयडीव्हीनुसारच भरपाई मिळते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जुन्या गाड्यांच्या बाजारात पांढऱ्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि एखाद्या भडक रंगाच्या गाडीला कमी भाव येतो, असे व्यापारी सांगतात. आयडीव्हीला हा बाजारभाव कळत नाही. पहिल्या सहा महिन्यांनंतर वर्षभरापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के, चौथ्यात ४० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के असा घसारा सर्व रंगांना सारखाच लागतो.

दोन कोटेशन शेजारी ठेवून वाचा

माझ्या पुतणीने पहिली गाडी घेतली तेव्हा तिला लाल रंग हवा होता. एका शोरूममध्ये तिला सांगण्यात आले की लाल गाडीचा विमा पांढरीपेक्षा साधारण दोन हजारांनी जास्त बसेल, आणि पुरावा म्हणून दोन छापील कोटेशनही तिच्या हातात देण्यात आली. ती दोन्ही घेऊन घरी आली. आम्ही जेवणाच्या टेबलावर ते कागद शेजारी ठेवले आणि पट्टी लावून एकेक ओळ मिळवत गेलो. आयडीव्ही एकच. मूळ हप्ता एकच. थर्ड पार्टीची रक्कम एकच. फरक ॲड-ऑनच्या रकान्यात होता. पांढऱ्या गाडीच्या कागदावर फक्त झिरो डेप (क्लेमच्या वेळी घसारा कापू न देणारे ॲड-ऑन) होते, तर लाल गाडीच्या कागदावर झिरो डेपखाली इंजिन प्रोटेक्ट आणि रिटर्न टू इनव्हॉइस या दोन ओळी जास्त होत्या. दोन हजारांचा सगळा फरक त्या दोन ओळींचा होता. त्या विक्रेत्याने हे जाणूनबुजून केले की त्यालाही खरोखर तसेच वाटत होते, हे मला सांगता येणार नाही. परंतु नवख्या ग्राहकाला खालचा एकूण आकडा दाखवून रंगाचे कारण सांगणे चुकीचे आहे, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण पुतणी त्या दिवशी पांढरी गाडी नोंदवूनच येणार होती.

त्यामुळे प्रत्येक नव्या खरेदीदाराला माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कोटेशन तोंडी घेऊ नका, कागदावर किंवा मोबाइलवर पूर्ण तपशिलासह घ्या. दोन कोटेशनची तुलना करताना आयडीव्ही, इंजिनाची क्षमता, गाडीचा नेमका प्रकार, नोंदणीचे आरटीओ, ॲड-ऑनची यादी आणि ऐच्छिक वजावट (प्रत्येक क्लेममधला आपण स्वतः सोसायचे मान्य केलेला भाग) या गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत का, हे आधी तपासा. त्या सारख्या असूनही रक्कम वेगळी असेल, तर फरक कंपनीने दिलेल्या सवलतीचा आहे. एखाद्या विमा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः कोटेशन काढून पाहिल्यास शंका राहणारच नाही. तिथे मॉडेल, प्रकार, इंधन, शहर आणि नोंदणीचा महिना विचारला जातो, आणि हप्ता दिसेपर्यंत रंग निवडण्याची वेळ येत नाही. शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरून घेतलेली पॉलिसी गाडीच्या ताब्याआधी सादर केली की पुरते.

ज्या रंगाने खरोखर फरक पडतो, तो नंबर प्लेटचा

पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी, पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने चालणारी गाडी, हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी विजेवर चालणारी गाडी. विम्याचा दर या वर्गानुसार बदलतो. खासगी विद्युत मोटारीला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत आहे आणि तिचे गट सीसीऐवजी किलोवॉटवर ठरतात. ३० किलोवॉटपर्यंत वर्षाला १,७८० रुपये, ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४ रुपये आणि त्यापुढे ६,७१२ रुपये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा विमा वेगळ्या दराने होतो, तोही तिच्या रंगामुळे नव्हे, तर ती प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली असल्यामुळे.

यात एक धोका आहे. पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे घेऊन भाड्याने फिरवली आणि त्या वेळी अपघात झाला, तर पॉलिसीत लिहिलेल्या वापराच्या मर्यादेचा भंग झाला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते. अनेक तरुण कर्जाचा हप्ता फेडायला हातभार म्हणून असे करतात. त्यांनी तसे करू नये.

क्लेमच्या वेळी रंग कुठे भेटतो

रंगाचा विम्याशी खरा आणि खर्चिक संबंध येतो तो गॅरेजमध्ये, डेंटिंग-पेंटिंगच्या बिलावर. म्हणून गाडी घेण्याआधीच हा भाग नीट वाचावा.

साधा रंग म्हणजे सॉलिड. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची बारीक चकाकी असते, आणि पर्ल रंगात अभ्रकाचे कण असतात, त्यामुळे कोन बदलला की छटा बदलते. पर्लच्या अनेक छटांमध्ये आधी एक थर, त्यावर चकाकीचा दुसरा थर आणि वर पारदर्शक थर असे काम करावे लागते. एका दारावर खरचट आली तर साधा रंग बहुतेक वेळा त्या एका पॅनेलपुरता मारून चालतो. पर्ल रंगात मात्र नवे दार आणि जुना फेंडर शेजारी उन्हात उभे राहिले की छटेतला फरक डोळ्यांत भरतो, म्हणून रंगारी शेजारच्या पॅनेलवरही रंग विरळ करत नेतो आणि मग दोन पॅनेलचा पारदर्शक थर लागतो. काम वाढते, वेळ वाढतो, बिल वाढते. रंग निवडताना विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारावा, की या रंगात एका पॅनेलचे रंगकाम किती रुपयांना पडते. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार हा आकडा सांगू शकतो.

हे बिल विमा कंपनी पूर्ण देत नाही. झिरो डेप नसलेल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. रंगकामाचा नियम वेगळा आहे. त्यात फक्त रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा लागतो, आणि बिल एकत्रित असेल तर एकूण रंगकामाचा २५ टक्के भाग साहित्याचा धरला जातो.

एक बिल पाहू. मागून धडक बसली. नवा प्लास्टिकचा बंपर ४,००० रुपये, डेंटिंगची मजुरी २,००० रुपये आणि दोन पॅनेलचे रंगकाम एकत्रित १०,००० रुपये. कर बाजूला ठेवला तर एकूण १६,००० रुपये. बंपरवर निम्मे म्हणजे २,००० रुपये कापले जातील. रंगकामातील साहित्य २,५०० रुपयांचे धरले जाईल आणि त्यातील १,२५० रुपये कापले जातील. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, तीही जाईल. म्हणजे ४,२५० रुपये आपल्या खिशातून आणि ११,७५० रुपये कंपनीकडून. झिरो डेप घेतलेले असते, तर आपल्यावर फक्त वजावटीचे १,००० रुपये आले असते. नवी गाडी असेल आणि रंग पर्ल किंवा दुरंगी असेल, तर पहिली काही वर्षे झिरो डेप घ्यावे असे मी सुचवतो. मॅट रंगाच्या बाबतीत तर ते घ्यावेच, कारण मॅट पृष्ठभागावरची खरचट पॉलिश करून घालवता येत नाही आणि बहुधा संपूर्ण पॅनेल पुन्हा रंगवावे लागते.

येथेच नो क्लेम बोनसचा विचार करायला हवा. एक वर्ष क्लेम न घेतल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम घेतला की ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते. समजा पुढच्या वर्षीचा ओन डॅमेज हप्ता ९,००० रुपये आहे आणि तुम्हाला ३५ टक्के बोनस मिळणार आहे. म्हणजे ३,१५० रुपयांची सूट पणाला लागली आहे, आणि त्यापुढच्या वर्षांची वाढती सूटही. अशा वेळी तीन हजारांच्या खरचटीसाठी क्लेम करणे तोट्याचे असते. तेवढे रंगकाम स्वतः करून घ्यावे. पॉलिसी संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर बोनस जातो, आणि नव्या गाडीत थर्ड पार्टी तीन वर्षांचे असल्यामुळे ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपल्याचे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

गाडी इतकी चेपली की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातो, तर ती पूर्ण निकामी धरली जाते आणि मग रंगकामाचा प्रश्नच उरत नाही.

रंग बदलायचा असेल तर

गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. आरसी स्मार्ट कार्ड असो किंवा डिजिलॉकरमधली प्रत, त्यात रंगाची नोंद सापडते. पांढरी गाडी काळी करून घ्यायची असेल, तर आधी आपल्या आरटीओकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतीपत्र जोडावे, मग रंगकाम करावे आणि आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा. सुधारित आरसीची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीत तशी नोंद करून मागावी आणि ती नोंद लेखी मिळाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. रंग बदलल्याने हप्ता वाढणार नाही. अडचण दुसरीकडे येते. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, आरसी, पॉलिसी आणि समोर उभी असलेली गाडी ताडून पाहतो, आणि कागदावर पांढरी व प्रत्यक्षात काळी असे आढळले तर खुलासे देत बसावे लागते, क्लेम रेंगाळतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२१ नुसार लष्कराच्या गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी मोटारीला देता येत नाही. जीपसारख्या गाड्यांच्या हौशी मालकांनी हे लक्षात ठेवावे.

रॅप (गाडीवर चिकटवायचे रंगीत आवरण), पेंट प्रोटेक्शन फिल्म आणि सिरॅमिक कोटिंग यांची गोष्ट निराळी आहे. ती कामे कारखान्यातून आलेल्या गाडीचा भाग नसतात, त्यामुळे त्यांची किंमत आयडीव्हीत आपोआप धरली जात नाही. साठ-सत्तर हजारांची फिल्म लावली आणि दार चेपले, तर दाराचा आणि रंगाचा खर्च मिळेल, फिल्मचा मिळेलच असे नाही. असे काम करण्यापूर्वी कंपनीला ई-मेल करून ते ॲक्सेसरी म्हणून घोषित करता येईल का, त्यासाठी किती जादा हप्ता लागेल, हे विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. संपूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे रॅप लावत असाल, तर त्याने गाडीचा दिसणारा रंग बदलतो हे लक्षात घेऊन आरटीओकडेही चौकशी करावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर व्यवहाराच्या दिवशी आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग ताडून पाहावाच. बॉनेट उघडून आतील कडा, दारांच्या बिजागऱ्यांजवळची जागा आणि डिकीच्या रबराखालचा पत्रा पाहिला, तर मूळ रंग कोणता होता ते तिथे सापडते, कारण बाहेरून रंग बदलणारे कारागीर या जागा बहुधा सोडून देतात. तिथे वेगळा रंग दिसला आणि आरसीत त्याची नोंद नसली, तर नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी. गाडी नावावर झाल्यानंतर १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

गाडी ताब्यात घेताना

पॉलिसीची प्रत हातात येते तेव्हा चावी मिळण्याची घाई असते आणि कागद न वाचताच डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो. पाच मिनिटे काढून चॅसी नंबर, इंजिन नंबर, गाडीचा प्रकार, सीसी किंवा किलोवॉट, आयडीव्ही आणि मागितलेले ॲड-ऑन ताडून पाहा. दुरंगी प्रकार घेतला असेल आणि पॉलिसीत साध्या प्रकाराचे नाव पडले असेल, तर आयडीव्ही कमी लागलेली असते आणि गाडी चोरीला गेल्यास त्या फरकाचे नुकसान तुमचे होते. चूक आढळल्यास त्याच दिवशी दुरुस्ती मागावी. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागत नाही, दुरुस्तीचे पत्रक मिळते.

रंगाचे किंवा असेच दुसरे निराधार कारण सांगून कोणी जादा हप्ता घेतला किंवा क्लेममधून रक्कम कापली, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी आणि हप्त्याचा ओळीनुसार हिशेब मागावा. समाधान झाले नाही तर आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, तिथे वकील लागत नाही आणि शुल्कही पडत नाही, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जासोबत दोन्ही कोटेशन, पॉलिसी, आरसी, गॅरेजचे बिल आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने लावून द्यावा.